तेरानंतरची पायरी

हे तुमच्यापैकी कोणी खरं मानणार नाही. मानूच नका. मानलंत तर आज घरी जिना चढताना पाय लटपटतील आणि त्याचं पाप माझ्या माथी बसेल. या दुकानात आजवर ज्या थापा पचल्या, त्यांच्या मानाने ही गोष्ट म्हणजे कोर्टातली साक्ष. पण खऱ्याचं नशीबच तसं. खोट्याला दहा सोबती मिळतात, खरं आपलं एकटंच दारात उभं. न्हावीबुवा, गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा आहे, तेवढा जरा बेतानं. बाकीच्यांनी खुर्च्यांचे हात धरून बसावं.

एका तरुण जोडप्याचं एक घर होतं. पहिलंच घर. अंगानं बारीक, दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये खांदे चोरून उभं. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर तिघांना झोपायला एक मोठी खोली, बस्स. पहिलं घर पहिल्या मुलासारखं असतं. त्याची खोड दुसऱ्यानं काढली की राग येतो, आणि आपल्याला दिसली की आपण तिकडे पाठ करतो.

नवरा जिने करायचा. नुसता सुतार नव्हे. दारखिडकीला हात लावायचा नाही, घरातली खुर्ची मोडली तर ती वर्षभर मोडकीच. जिने आणि फक्त जिने. गल्लीत सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायकोही मिस्त्रीच म्हणे. तिच्या तोंडी तो शब्द आला की त्यात निम्मी चेष्टा असे आणि निम्मं कौतुक.

बायकोला गल्ली म्हणायची कानवाली, कारण ती लोकांचे कान तपासायची. कापडानं मढवलेल्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की माणसानं बटण दाबायचं. आठ वर्षं हेच केल्यानं तिचा स्वतःचा कान असा तयार झाला होता, की शेजारच्या घरात दूध वर यायला लागलं की हिला आधी कळायचं. आवाज किती लांबून आला हे ती डोळे मिटून सांगायची. हातभराचा फरक नाही.

"यातलं निम्मं सोडा," न्हावी म्हणाला.

सोडलं. उरलेलं निम्मंही तुला पुरून उरेल, तू दाढी कर.

त्यांना चार वर्षांची एक मुलगी. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. तिला आकडे यायचे ते तेरापर्यंत. चौदा यायचा नाही, कारण घरातला जिना तेरा पायऱ्यांचा होता आणि ती मोजायला जिन्यावरच शिकली होती. तिच्या हिशेबी तेरा झाले की आकडे संपायचे आणि पलंग सुरू व्हायचा.

जिना अर्थातच बापानं बांधलेला, घर घेतलं त्याच वर्षी. खिळा नाही, स्क्रू नाही. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीतल्या खाचेत, पाचर ठोकून घट्ट बसवलेलं. दुसरं टोक हवेत. पाचर असेतो पायरीवर हत्ती उभा करा. पाचर काढलीत की तीच पायरी ताटासारखी हातात. आणि प्रत्येक पायरीच्या पोटाला, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीनं तिचा आकडा. ही त्याची कामाची रीत. कुठल्याही गावातला, कुठल्याही घरातला जिना असो, खालून बघितलं की त्याचं अक्षर ओळखू यायचं.

तर कानवालीला एक पत्र आलं. दूरच्या एका शहरात लहान मुलांचे कान तपासायचं नवं केंद्र निघत होतं आणि ते हिनं चालवावं असं त्यांचं म्हणणं. पहिल्या तारखेला हजर व्हा. याच पत्रासाठी ती चार वर्षं झुरत होती. संध्याकाळी भांडी घासताना विषय निघाला. ती घासत होती, तो पुसत होता.

"घर विकायचं म्हणजे जिनाही विकायचा," मिस्त्री म्हणाला.

"नाही, जिना आपण पिशवीत घालून नेऊ."

"चेष्टा नकोय."

"अरे, तिकडेही माणसं वरच्या मजल्यावर राहतात. उडत तर जात नसतील ना?"

तो हसला. तो हसला म्हणजे पटलं, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक. शेवटची वाटी पुसून होईतो घर विकायचं ठरलंदेखील. पडद्याचा रंग ठरवायला याच दोघांना तीन महिने लागले होते.

दलाल आला. तोंडात खडीसाखर आणि पायात करकरीत बूट. पहिलं गिऱ्हाईक त्यानं आणलं ते एक दातांचे डॉक्टर. त्यांनी खोल्या अशा बघितल्या, की जणू प्रत्येक कोपऱ्यात कीड शोधतायत. वर गेले, छताकडे आ करून पाहिलं, खाली आले, "कळवतो" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानवाली चहा गाळत होती. जिन्यावरून भिंगरीचं मोजणं ऐकू येत होतं. दहा, अकरा, बारा, तेरा. मग शांतता. मग हाक.

"आई, तेरानंतर काय असतं?"

"चौदा. का गं?"

"मग आपला जिना चौदा झालाय."

कानवालीनं स्वतः मोजल्या. खालून वर चौदा, वरून खाली चौदा. मिस्त्रीला उठवलं. तो डोळे चोळत आला आणि म्हणाला, "मायलेकींना दोघींनाही मोजता येत नाही, हे मला आज कळलं." मग त्यानं मोजल्या. बॅटरी आणली, शिडी लावून वरच्या पायरीच्या पोटाशी उजेड धरला. तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं चौदा. त्याच्याच अक्षरात. चारची शेपटी जरा लांब ओढायची त्याची सवय, तीसुद्धा जशीच्या तशी.

"मीच लिहिलंय हे," तो हळू म्हणाला. "पण मी हे लिहिलेलं नाही."

बाहेर जाऊन त्यानं टेप लावली. बाहेरून घर होतं तेवढंच. आतून मात्र एका पायरीनं उंच. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, "काय हो मिस्त्री, घर आटलं की काय?" तो म्हणाला, "नाही हो, वाढतंय." शेजारीण पोटभर हसली. खरं बोलायचं असेल तर असं बोलावं.

"वाढलं कशानं पण?" न्हाव्यानं विचारलं.

मला काय विचारतोस? त्या घराला विचार. कोणी म्हणेल राग, कोणी म्हणेल धसका. कानवालीला एवढंच समजलं, की घर बघायला कोणी आलं की पायरी वाढते. कारण दोन दिवसांनी दोघी बहिणी आल्या, निवृत्त, सगळ्याला नाक मुरडणाऱ्या. त्या गेल्या आणि रात्रीतून पंधरावी आली. भिंगरीला मोठी मजा. रोज नवा आकडा, आणि तोही घरपोच.

कानवालीला मजा वाटेना. पायऱ्यांचं एक वेळ सोडा. भिंगरी वरून "आई" म्हणायची ना, ती हाक आता जागची येत नव्हती. तिच्या मुलीचा आवाज रोज ज्या अंतरावरून यायचा ते अंतर तिच्या कानात बसलेलं होतं, जसं अंधारात दिव्याचं बटण हाताला आपोआप सापडतं. आता ते सापडत नव्हतं. हाक यायची, पण थोडी पलीकडून. पंधरावी पायरी आली त्या दुपारी तिनं गाद्या, पांघरुणं, भिंगरीची उशी, सगळं खाली आणलं. वर राहिली फक्त कपड्यांची कपाटं.

"आजपासून वर कोणी जायचं नाही," ती म्हणाली.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे नवं लग्न झालेलं जोडपं. त्यांना घर इतकं आवडलं, की नवरी जिन्याच्या मध्यावर उभी राहून म्हणाली, "मी इथेच बसून पुस्तक वाचणार." दोघांनी तिथल्या तिथे शब्द दिला. शनिवारी अकरा वाजता कागदावर सह्या. दुसऱ्या दिवशी जिना सोळा.

आता नवराबायकोचं वाजलं. गुरुवार, संध्याकाळ, बांधलेल्या खोक्यांवर बसून.

"शनिवारी सही करायची, किल्ली द्यायची, निघायचं," कानवाली म्हणाली. "पायऱ्या वाढू देत नाहीतर पिसं फुटू देत. आपल्याला काय त्याचं?"

"माझ्या हातचा चुकीचा जिना आजवर कोणाच्या घरात गेला नाही."

"तू केलाच नाहीयेस तो!"

"अक्षर माझं आहे."

"मिस्त्री, तुझ्या पाया पडते. त्याला हात लावू नकोस."

"हे बघ," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, आणि हा सूर लागला की समजून घ्यायचं की आता हा ऐकणार नाही. "पायऱ्यांनी मजला वर उचललाय. जादा तीन काढल्या की मजला खाली बसेल. दोन तासांचं काम. त्या मुलीला तिथे बसून पुस्तक वाचायचंय. उद्या तिच्या पोराला आकडे शिकवायचेत. तेरा म्हणजे तेरा मिळायला नकोत?"

या माणसाचा हाच हट्ट बघून तर तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला तो लागला. कानवाली भिंगरीला मांडीवर घट्ट धरून जिन्यापासून लांब बसली. सोळावीची पाचर दोन ठोक्यांत सुटली. पंधरावीची एकात. चौदावीला हातोडा नुसता दाखवला म्हणा ना. हलणारा दात निघावा तशा तिन्ही निघाल्या. आणि तिसरी निघताक्षणी वरचा मजला उसासा टाकल्यासारखा आवाज करून खाली आला आणि तेराव्या पायरीला अचूक टेकला. मधे पोस्टकार्ड जाणार नाही.

मिस्त्रीनं तिच्याकडे असं बघितलं, की जणू मजला त्याला घाबरून खाली आला होता. "बोल आता."

भिंगरी मांडीवरून सुटली ती सुटलीच. वर पळाली. "अकरा, बारा, तेरा!" ती वरून ओरडली आणि टाळ्या पिटल्या.

कानवालीच्या डोळ्यांपुढे तेरा पायऱ्या होत्या, पण आवाज आला होता सोळा पायऱ्यांवरून. मजला खाली आला होता, अंतर आलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. दलाल, नवं जोडपं, नवऱ्याची आई, हातात फुलं. भिंगरी आवाज ऐकून आपणहून खाली धावत आली आणि पाहुण्यांच्या पायांत घुटमळायला लागली. कानवालीचे कान म्हणत होते सोळा आणि डोळे म्हणत होते तेरा. आठ वर्षं कानांवर भाकरी खाल्लेल्या बाईनं त्या दिवशी डोळ्यांचं ऐकलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. दलाल बोट ठेवायचा, तिथे सही. मिस्त्रीनं केली. कानवालीनं केली. नव्या नवरीची पेन धरायची पद्धत अशी गमतीची, की सगळे तिच्याकडेच बघत राहिले. या गडबडीत भिंगरीनं आईची ओढणी ओढून सांगितलं, "माझा एकच मोजा आहे." कानवालीनं कागदावरून मान न काढता म्हटलं, "शोध बाळा, असेल कुठेतरी."

पाहुणे गेले. दलालाचे बूट कोपऱ्यापर्यंत करकरत गेले. घरात शांतता झाली आणि त्या शांततेत एक हाक आली.

"आई, जिना कुठे गेला?"

हाक इतक्या लांबून आली, की कानवालीला आधी वाटलं रस्त्यावरून आली. ती जिन्याशी धावली. तेरा पायऱ्या होत्या, जागच्या जागी. त्यांच्यावर मोकळी भिंत. भिंत, भिंत, आणखी भिंत. आणि पार वर, विहिरीच्या तळातून काठ दिसावा तशी मजल्याची कड आणि कडेवरून डोकावणारं कोटाच्या बटणाएवढं तोंड.

"भिंगरे, मागे हो! कडेपासून मागे हो. खाली बस. बसलीस?"

"बसले. माझा मोजा सापडत नाहीये."

"राहू दे मोजा. बाबा येतोय."

मिस्त्री शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं वर बघितलं. त्या क्षणी दोघांनाही एकदम समजलं. घर उंच होणारच होतं. पायऱ्यांनी उचललं नव्हतं त्याला. ते वाढत होतं म्हणून पायऱ्या येत होत्या, वर जाता यावं म्हणून, एक एक, मोजून. आणि या शहाण्यानं त्या उपटून टाकल्या होत्या. घरानंही ऐकलं. उंची वाढायची थांबली नाही, पायऱ्या यायच्या थांबल्या.

"शिडी नव्हती का घरात?" न्हावी म्हणाला. वस्तरा त्यानं केव्हाच खाली ठेवला होता.

होती ना. तेराव्या पायरीवर उभी केली. लावली तेव्हा हातभर कमी पडली, मिस्त्री टोकाला पोचला तेव्हा दोन पुरुष कमी.

"मग बाहेरून खिडकी—"

अरे बाबा, ती बाई तुझ्यापेक्षा हुशार होती. शिडी घेऊन ती बाहेर धावली. वरची खिडकी नेहमीच्याच उंचीवर, पडदा नेहमीसारखा. चढली, काच सरकवली, आत डोकं घातलं. खोली होती. कपाटं होती. जमिनीवर भिंगरीचा दुसरा मोजा पडलेला होता, एकटा. दार सताड उघडं, दारापलीकडे नीट तेरा पायऱ्या उतरत गेलेल्या. खोली सगळी होती तशी होती. फक्त त्या खोलीत भिंगरी आलेलीच नव्हती. आणि तिची हाक खिडकीतून येत नव्हती. खालून, घराच्या आतून येत होती. शेजारीण अंगणातून विचारत होती, "किल्ली विसरलात का हो?"

कानवाली उतरली. आत आली. मिस्त्रीनं तोवर काढलेल्या तिन्ही पायऱ्या परत ठोकल्या होत्या. सोळावीवर उभा राहून तो छिन्नीनं भिंतीत पुढची खाच पाडत होता.

"पायऱ्या संपल्या," तो वरून म्हणाला.

"टेबल फोडू?"

"फोड."

तिनं फोडलं. फळी वर दिली. पाचर बसताच फळी उभी चिरली. स्वयंपाकघरातल्या कपाटाची फळी, तीही चिरली. त्या भिंतीला त्याच्या हातच्या पायऱ्यांशिवाय काही चालत नव्हतं. आणि वरून आवाज येत होता, "बाबा, मी शंभरपर्यंत मोजू का? मला शंभर येत नाही." प्रत्येक शब्दागणिक थोडा लांबून.

मिस्त्रीनं पायाखालच्या पायऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मागची काढायची, पुढे ठोकायची."

युक्ती साधी. एक पायरी उभं राहायला, एक टेकायला, एक पुढे न्यायला. तीन पायऱ्यांवर माणूस कितीही वर जाईल. मागची पाचर सोडवायची, पायरी ओढून घ्यायची, वरच्या खाचेत बसवायची, चढायचं, पुन्हा मागची. पण एकदा निघालं की मागे फक्त भिंत. त्यानं चौदावीच्या पाचरीला छिन्नी लावली आणि थांबून खाली बघितलं. तिच्याकडे.

"ही काढली की खालचा जिना सुटला. बोल."

तिला दोघंही दिसत होते. हा एवढा, आणि ती तेवढीशी. तिच्या मनात काय आलं ते कुठल्या बाईला सांगायला नको. ज्या पत्रासाठी चार वर्षं झुरली ते पत्र अजून फ्रीजवर लावलेलं होतं.

"काढ," ती म्हणाली.

त्यानं काढली.

मग ठोके सुरू झाले. छिन्नी, हातोडा, पाचर. छिन्नी, हातोडा, पाचर. तास गेला. तो आधी कंबरेएवढा दिसायला लागला, मग हाताएवढा, मग भिंतीवरच्या कोळ्याएवढा. दिवस भर दुपारचा, खिडकीतून ऊन येत होतं, रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं, आणि ही बाई जिन्याच्या पायथ्याशी मान वर करून उभी. शेवटी दिसेनासं झालं. तेव्हा तिनं डोळे मिटले आणि आपल्या धंद्यावर आली. बंद खोली, कानावर यंत्र. दोन आवाज. एक त्याच्या हातोड्याचा, एक भिंगरीच्या बडबडीचा. दोन्ही लांब जात होते, पण सारख्या वेगानं नव्हे. भिंगरीचा लांब जात होता पायरी पायरीनं, हातोड्याचा जात होता दीड दीड पायरीनं. तो गाठत होता! ती मनातल्या मनात अंतर मोजत होती. वीस हात. अठरा. पंधरा.

मिस्त्री काहीतरी ओरडला, ते शब्द तिच्यापर्यंत पोचेतो विरघळून गेले. भिंगरी हसली. हसणं पोचलं.

आठ हात. पाच.

मग ठोके थांबले. आणि थोड्या वेळानं, तसा अगदी थोडाही नव्हे, तिनं तेवढ्यात सोळा श्वास मोजले, वरून काहीतरी पडत आलं, भिंतीवर एकदा आपटलं, आणि कानवालीच्या पायाशी फरशी फोडून थांबलं. त्याचा हातोडा. दांड्यावर त्याच्या घामाचा ओला पंजा.

तिनं तो उचलला नाही. ती ऐकत राहिली. आणि तिला ऐकू आलं. फार बारीक, तिच्या यंत्रावरच्या शेवटच्या आकड्याच्याही खाली, ज्याला तिची गिऱ्हाइकं कधीच बटण दाबत नसत. दोन आवाज. एक जाडा, एक कोवळा. आणि दोन्ही एकाच जागेवरून. पोचला होता. "बाबा, तुझे हात किती खरखरीत झालेत," असं काहीसं ती म्हणत होती. एवढ्या लांबून शब्द कळत नाहीत, पण आई होती ती.

"मग?" न्हावी म्हणाला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा फेस वाळून पापुद्रे सुटले होते, पण तोही हलत नव्हता.

मग काय? शेवट गोड. मिस्त्रीनं लेकीला खांद्यावर घेतलं, हळूहळू उतरला, दिवे लागायच्या आत तिघं एकत्र. कानवालीनं दोघांची पाप्यांनी तोंडं भरली, मिस्त्रीचा कान उपटला, किल्ली दलालाच्या हातावर ठेवली आणि तिघं त्या दूरच्या शहरात गेले. आता तळमजल्यावर राहतात. भिंगरीला हजारापर्यंत आकडे येतात. झालं? चला, दाढी उरका त्यांची.

न्हाव्यानं वस्तरा उचलला नाही.

"जिना वाढला, मानलं," तो म्हणाला. "खिडकीतली खोली, तीही मानली. पोचला, तेही मानतो. पण उतरला हे खोटं आहे, म्हातारबा. मागे त्यानं भिंतीशिवाय काही ठेवलं नव्हतं, आणि पाचर ठोकायचा हातोडा बायकोच्या पायाशी पडला होता. उतरला कशावर?"